शिपाई उंदीर आणि चोर मांजरं

आपल्या या कार्यक्रमात आपण कधी पेरणीवर बोलतो, कधी बाळंतिणीच्या जेवणावर, तर कधी बचतगटाच्या हिशेबावर. आज आम्ही एका खेळाबद्दल सांगणार आहोत. फुगडी, झिम्मा किंवा सागरगोटे यातला हा खेळ नाही. हा टीव्हीला डबा जोडून खेळायचा व्हिडिओ गेम आहे. "आता हे काय नवीन काढलं?" असं तुमच्यातल्या काहीजणी म्हणाल्याच असतील. थोडा वेळ ऐकून घ्या, मग ठरवा.

1990 नंतरच्या काळात असे गेमचे डबे आपल्याकडे तालुक्याच्या बाजारात आणि जत्रेतल्या दुकानांत मिळू लागले. पिवळी आणि पांढरी पिन टीव्हीला खोचायची, डब्यात वरून कॅसेट घालायची आणि खेळ सुरू. चालला नाही तर कॅसेट काढून तिच्यावर फुंकर मारायची, हा ठरलेला उपाय. कॅसेटवर छापलेलं असायचं की यात हजारो गेम आहेत, पण मोजायला बसलं की तेच ते पंधरा-वीस खेळ पुन्हा पुन्हा निघायचे. अशा कॅसेटींमध्ये बऱ्याचदा एक खेळ असायचा. एक मोठं घर, त्यात पोलिसाची टोपी घातलेला एक उंदीर आणि त्याच्या मागे धावणारी मांजरं. त्या खेळाचं नाव मॅपी.

बऱ्याच घरांत हा खेळ भावांनी खेळला आणि बहिणींनी पाहिला. जॉयस्टिक भावाच्या हातात, आणि बहीण मागे बसून सांगणार, "अरे, मागून मांजर आलं, उडी मार!" घर तिला तोंडपाठ, मांजर कुठून येणार हेही तिला आधी कळायचं, पण बटण काही तिच्या हातात आलं नाही. म्हणून आज आम्ही हा खेळ नीट फोड करून सांगणार आहोत. त्यात टिकायचं कसं, चोरांना चकवायचं कसं, याच्या युक्त्या.

खेळ आला कुठून

हा खेळ जपानमधल्या नामको नावाच्या कंपनीचा. मासाया नाकामुरा यांनी 1955 साली हा धंदा सुरू केला तेव्हा त्यांच्याकडे होते फक्त मुलांनी बसून झुलायचे दोन यांत्रिक घोडे, योकोहामा शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर ठेवलेले. आपल्या जत्रेतल्या पाळण्यांसारखाच प्रकार. पुढे ही कंपनी पैसे टाकून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रं बनवू लागली.

याच कंपनीचा आणखी एक खेळ जगभर गाजला, 1980 सालचा पॅक-मॅन. तो तोरू इवातानी यांनी तयार केला. त्या काळी गेमच्या दुकानांत बहुतेक पुरुष आणि मुलगेच दिसत, आणि खेळ असत ते गोळ्या झाडायचे, शत्रू मारायचे. बायकांनाही आत यावंसं वाटेल असा खेळ करायचा, हे इवातानींनी ठरवलं होतं आणि तसं त्यांनी पुढे सांगितलंही आहे. म्हणजे हे खेळ बायकांचे नाहीत हा समज आपल्याकडचाच आहे असं नाही. तिकडेही तो होता, आणि तो मोडावा असं खेळ बनवणाऱ्यालाच वाटलं.

मॅपी आला 1983 साली. दुसऱ्या वर्षी, 1984 मध्ये, तो घरच्या टीव्हीवर खेळायच्या डब्यासाठीही निघाला. आपल्याकडे आलेले डबे त्याच जपानी डब्याच्या नकला होत्या. मॅपी या नावातही गंमत आहे. जपानी बोलीत पोलिसाला 'माप्पो' म्हणतात, आपण 'मामा' म्हणतो तसंच. त्यावरून मॅपी. आणि चोरांचा जो म्होरक्या आहे, लठ्ठ बोका, त्याचं जपानी नाव न्यामको. जपानी मांजर 'म्याव'ऐवजी 'न्या' करते. म्हणून नामकोचा न्यामको. कंपनीने स्वतःचंच नाव चोराला देऊन टाकलं! जपानबाहेर याच बोक्याचं नाव गोरो.

घर आणि चोरीचा माल

आता खेळ समजून घेऊ. मांजरांनी चोरलेला माल एका मोठ्या वाड्यात ठेवला आहे. वाड्याला एकावर एक मजले. शिपाई उंदराने आत शिरायचं आणि सगळा माल गोळा करून आणायचा. माल दहा नगांचा आहे, पाच जोड्यांत: दोन रेडिओ-टेप, दोन टीव्ही, दोन कॉम्प्युटर, दोन चित्रं आणि दोन तिजोऱ्या. दहाही नग उचलले की डाव जिंकला, पुढचा वाडा आला. मांजराने पकडलं की एक जीव गेला.

या उंदराकडे बंदूक नाही, काठी नाही. त्याला स्वतःहून उडीसुद्धा मारता येत नाही. तो डावीकडे पळतो, उजवीकडे पळतो, आणि एका बटणाने दार उघडतो किंवा लावतो. एवढंच. मजल्यांच्या मधे मोकळ्या जागा आहेत आणि तिथे खाली जाळी ताणलेली आहे. जत्रेत मुलं ज्या जाळीवर उड्या मारतात तशीच. उंदीर त्या जाळीवर पडला की वर उसळतो, आणि वर जाताना हव्या त्या मजल्यावर उतरतो. जिना नाही. वर जायचं, खाली यायचं, तर जाळीवरूनच.

मांजरं त्याच्यापेक्षा जास्त, त्यांच्यात एक बोका. तरीही नीट खेळलं तर उंदीर जिंकतो. कसा, ते पाहू.

पहिली युक्ती: जाळीवर अभय आहे, पण थोडाच वेळ

जाळीवरून वर-खाली उसळत असताना मांजर उंदराला पकडू शकत नाही. शेजारून गेलं, अगदी अंगावरून गेलं तरी काही होत नाही. त्यामुळे जीव घाबरा झाला की पहिल्यांदा जाळी गाठायची. उसळत उसळत कुठल्या मजल्यावर कोण आहे ते पाहून घ्यायचं आणि मोकळ्या मजल्यावर उतरायचं.

पण जाळी कायमची नाही. मजल्यावर न उतरता त्याच जाळीवर पुन्हा पुन्हा उसळलं की तिचा रंग बदलत जातो. सुरुवातीला हिरवी असते, शेवटी लाल होते, आणि चौथ्या खेपेला फाटते. फाटली की उंदीर थेट खाली, आणि जीव गेला. एखाद्या मजल्यावर पाय टेकून आलं की जाळी पुन्हा पहिल्यासारखी होते.

नवीन खेळणाऱ्या बहुतेकजणी इथेच जातात. मांजराने पकडलं म्हणून नव्हे, तर सुरक्षित जागा सोडवेना म्हणून. मजल्यावर मांजर दिसतं, म्हणून आणखी एकदा उसळू, आणखी एकदा उसळू, असं करता करता जाळी लाल होते. आम्ही एकमेकींना सांगितलेला नियम साधा आहे. पहिल्या दोन उसळ्यांत बघायचं, तिसरीत उतरायचं. बरोबर जागा मिळाली नाही तर कमी वाईट जागी उतरायचं, पण उतरायचंच.

दुसरी युक्ती: दार हेच हत्यार

उंदीर ज्या दिशेला तोंड करून उभा आहे त्या दिशेचं सगळ्यात जवळचं दार बटण दाबल्यावर उघडतं किंवा लागतं. दाराला जाऊन हात लावावा लागत नाही, लांबूनही चालतं. आणि दार उघडताना समोर मांजर असेल तर त्याला धक्का बसून ते थोडा वेळ गप्प पडतं. तेवढ्यात आपण निसटायचं.

मात्र दार आपल्याच बाजूला उघडणारं असेल आणि आपण त्याला चिकटून उभ्या असलो, तर धक्का आपल्यालाच बसतो. गोठ्याचं दार आत उघडतं की बाहेर हे आपल्याला न बघता माहीत असतं ना, तसंच इथे पाहिजे. पहिल्या एक-दोन डावांत मालाच्या मागे न लागता कुठलं दार कुठल्या बाजूला उघडतं एवढंच पाहून ठेवावं. तो वेळ वाया जात नाही. घर पाठ झालं की बोटं आपोआप चालतात.

काही दारं लुकलुकत असतात. ती खास. असं दार उघडलं की त्यातून एक लाट सुटते आणि त्या मजल्यावर तिच्या वाटेत जितकी मांजरं असतील तितकी झाडून नेते. पण एका दाराची लाट एकदाच. नंतर ते साधं दार होऊन बसतं. आणि झाडून नेलेली मांजरंही थोड्या वेळाने परत येतात. म्हणून एकटंदुकटं मांजर दिसलं म्हणून हे दार उघडून टाकू नये. दोन-तीन जणं मागे लागू द्यावीत, ती एका ओळीत आली की मग उघडावं. जितकी मांजरं एका लाटेत जातील तितके गुण जास्त, आणि तितका वेळ घर मोकळं.

तिसरी युक्ती: मांजराला आधी उतरू द्या

मांजरंही जाळीवरूनच ये-जा करतात, आणि ती आपला माग काढत येतात. आपण ज्या मजल्यावर, तिकडे ती वळतात. याचाच फायदा घ्यायचा. आपण उसळत असताना मांजर एखाद्या मजल्यावर उतरलं की ते तिथे थोडा वेळ अडकलं, कारण त्याला पुन्हा जाळीकडे यावं लागणार. त्या वेळात आपण दुसरा मजला धरायचा. घाईने आधी आपण उतरलो तर मागून ती उतरणार, आणि आपण मजल्याच्या टोकाला कोंडल्या जाणार.

आणखी एक गोष्ट. वाडा पडद्यापेक्षा रुंद आहे. आपण पुढे सरकतो तसं पुढचं घर दिसू लागतं. म्हणजे जे दिसत नाही तिथेही मांजर असू शकतं. अनोळखी टोकाकडे पळत सुटण्याआधी परतायची जाळी किती लांब आहे याचा अंदाज हवाच.

चौथी युक्ती: माल जोडीने उचला

रेडिओला 100 गुण, टीव्हीला 200, कॉम्प्युटरला 300, चित्राला 400 आणि तिजोरीला 500. पण एक रेडिओ उचलल्यावर लगेच दुसरा रेडिओच उचलला, मधे दुसरं काही घेतलं नाही, तर त्या दुसऱ्याचे गुण दुप्पट. पुढची जोडी जुळली की तिच्यातल्या दुसऱ्या नगाचे तिप्पट, मग चौपट, पाचपट, आणि पाचव्या जोडीला सहापट.

बचतगटाचा हिशेब ठेवणाऱ्या मैत्रिणींनी आता वही काढावी. कसाही माल उचलला, एकही जोडी जुळली नाही, तर दहा नगांचे मिळून 3,000 गुण होतात. महागापासून सुरुवात केली, म्हणजे आधी तिजोऱ्या, मग चित्रं, असं जोडीजोडीने करत शेवटी रेडिओ, तर 6,500. आणि स्वस्तापासून सुरुवात करून तिजोऱ्या शेवटी उचलल्या, तर 8,500. माल तोच, घर तेच, मांजरं तीच. नुसत्या क्रमाने एवढा फरक पडतो. शेवटची पट सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्यात महाग वस्तू शेवटासाठी राखायची.

गुणांचा उपयोग काय? ठरावीक गुण झाले की जास्तीचा एक जीव मिळतो. म्हणून गुण मिळवणं हेही टिकण्याचंच काम आहे. पण जोडीच्या मागे धावताना आहे तो जीव घालवला तर काय उपयोग? जोडीदार नग लांबच्या टोकाला असेल आणि वाटेत मांजरं असतील, तर जोडी सोडून द्यावी.

बोक्याला एक खोड आहे. तो कधी कधी मालाच्या मागे लपून बसतो. तो लपलेला असताना नेमका तोच नग उचलला तर 1,000 गुण मिळतात. बाहेर आलेला बोका मात्र इतर मांजरांसारखाच जीव घेतो. तो लपला आहे याची खात्री असेल तरच पुढे व्हावं.

पाचवी युक्ती: रेंगाळू नका

सगळं सुरक्षित वाटतंय म्हणून एकाच कोपऱ्यात येरझाऱ्या घालत बसलं, तर पडद्यावर घाई करा अशी सूचना येते, संगीताची लय वाढते आणि मांजरं वाढतात. त्याहून उशीर झाला तर नाण्यासारखं एक गोल संकट मागे लागतं. तोपर्यंत काम संपलेलं असावं. सुरुवातीचा वेळ सगळ्यात सोपा असतो, म्हणून अवघड टोकाचा माल त्याच वेळात आणावा आणि जाळीजवळचा शेवटासाठी ठेवावा. पण चौथी युक्ती सांगते जोड्या क्रमाने घ्या, आणि ही सांगते लांबचं आधी घ्या. दोन्ही प्रत्येक वेळी जुळत नाहीत. शिकत असताना लांबचं आधी घ्यावं. हात बसल्यावर जोड्यांकडे वळावं.

तिसऱ्या डावाला मांजरं नसतात. तिथे जाळ्यांवर उसळत फुगे फोडायचे, संगीत संपेपर्यंत. हे संगीत नोबुयुकी ओनोगी यांचं आहे. मनाला लगेच चिकटतं, पोळ्या लाटताना गुणगुणत राहाल. या डावात जिवाची भीती नाही, म्हणून जाळीवरून कधी वळायचं याचा सराव इथेच मनसोक्त करून घ्यावा.

गटात कसं खेळायचं

आम्ही केंद्रात हा खेळ लावतो तेव्हा तिघीतिघींची फळी करतो. एकीच्या हातात जॉयस्टिक, दुसरीने फक्त मांजरं बघायची, तिसरीने माल आणि जोड्यांचा क्रम सांगायचा. जीव गेला की जॉयस्टिक पुढचीकडे. कितीही वाईट खेळली तरी जिची पाळी तिचीच, मधे कुणी हात घालायचा नाही. हा नियम कडक पाळावा लागतो, कारण घरात आपल्या हातातून गोष्टी काढून घ्यायची सगळ्यांना सवय असते. "सोड, तुला नाही जमायचं, दे इकडे," हे वाक्य कुणी किती वेळा ऐकलंय ते आपापल्या मनाला विचारा.

खरं सांगायचं तर हा खेळ आम्ही याचसाठी निवडला. पैसे काढायच्या यंत्रासमोर, नव्या मोबाइलसमोर, रेशनच्या दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्रासमोर आपल्यातल्या कितीतरीजणी हात मागे घेतात. बटण चुकलं तर काहीतरी बिघडेल, कुणीतरी ओरडेल, ही भीती. या खेळात बटण चुकलं तर एक चित्रातला उंदीर जातो आणि पुन्हा उभा राहतो. कुणाचे पैसे जात नाहीत, कुणी बोलत नाही. चुकायला मोकळीक असलेली जागा बायकांना फार कमी मिळते. ज्या हाताने दहा वेळा चुकून अकराव्यांदा मांजराला दाराआड लोटलं, तो हात पुढच्या यंत्रासमोर थोडा कमी थरथरतो, एवढं आम्ही आमच्या गटात पाहिलं आहे.

आणि वेळेचं काय, असं काहीजणी विचारतील. घरातला पुरुष पारावर पत्त्यांचा डाव मांडून बसतो तेव्हा त्याला वेळेचा हिशेब कुणी मागत नाही. आठवड्यातून एकदा, बैठक संपल्यावर, अर्धा तास आपण खेळलो तर त्याचाही कुणी मागू नये.

एक गोष्ट खरोखरच्या चोरांबद्दल

लहान मुलांना हे आवर्जून सांगा. खेळातला उंदीर पोलीस आहे आणि त्याला तीन जीव आहेत. आपल्याला एकच. घरात किंवा शेतावरच्या वस्तीवर चोर शिरल्याचा संशय आला तर माल वाचवायला पुढे व्हायचं नाही, दाराआड उभं राहून चोराला धक्का द्यायचा नाही. मुलांना घेऊन शेजारी जायचं, आरडाओरडा करून माणसं जमवायची आणि 112 नंबरला फोन करायचा. हा नंबर घरातल्या प्रत्येक मुलामुलीला पाठ हवा. शेजारच्या दोन घरांचे नंबरही भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावेत.

तर मैत्रिणींनो, माळ्यावर, पेटीच्या तळाशी एखादा जुना डबा पडला असेल तर काढा. नसेल तर तसले डबे बाजारात अजूनही मिळतात. गटाने मिळून एक घेतला तरी पुरे. पहिल्या दिवशी कुणाचेच दहा नग होणार नाहीत. आधी दारं पाठ करा, जाळीचा रंग बघायला शिका, आणि तिसऱ्या उसळीला उतरा. जिच्या गटात पहिल्यांदा पाचही जोड्या क्रमाने जुळतील तिने केंद्राला कळवावं. तिलाच बोलावू, आणि पुढच्या वाड्यांच्या युक्त्या तिच्याच तोंडून ऐकू.